हाताचं वजन

“सोडते हं, आई,” केतकी म्हणाली आणि तिनं माझा उजवा हात खांद्याच्या उंचीवरून सोडून दिला.

हात धप्पकन मांडीवर पडला. तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. मी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले आणि मनात म्हणाले, बाई गं, जमलं एकदाचं.

“पुन्हा,” ती म्हणाली.

पुन्हा तिनं माझ्या मनगटाखाली दोन बोटं घातली, हात सावकाश वर नेला, थांबली आणि सोडला. पुन्हा धप्प. ती जागची हलली नाही. मान वाकडी करून माझ्या हाताकडे बघत राहिली. लहानपणी गणित चुकलं की वहीकडे अशीच बघायची.

“आई, तुझा हात हलका झालाय का गं?”

“हलका म्हणजे? वजन उतरलंय माझं. रोज उठून तुझी ती मुगाची खिचडी खायची, दुसरं काय होणार?”

मागे जमिनीवर आडवा पडलेला इम्तियाज फसकन हसला. केतकी हसली नाही.

संध्याकाळी साडेसहाला पडदा वर जाणार होता. पुण्यातलं एक लहानसं नाट्यगृह. आणि मी, विमल तावडे, साताऱ्याच्या तावडे टायपिंग क्लासची बाई, पासष्टाव्या वर्षी रंगमंचावर लाकडी खुर्चीत बसून पोरीच्या नाचात काम करत होते. वर्षभरापूर्वी मला कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आदल्या वर्षी गौरी-गणपतीच्या तोंडावर माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा लवकर आली. ती यायचीच होती, मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. पाय काठीच्या आधारानं चालू लागला. हात मात्र गेला तो गेला. खांद्याला नुसता लोंबायचा. आंघोळीला, जेवायला, झोपताना डाव्या हातानं उचलून त्याला कुठेतरी नीट ठेवायला लागायचं. हे तर आधीच गेले होते, साताऱ्याला मला बघणारं कोणी नव्हतं. केतकी आली आणि मला उचलून पुण्याला घेऊन गेली.

केतकी नाच बसवते. साताऱ्यात असताना भरतनाट्यम शिकली, अरंगेत्रम झालं, आम्ही आळीभर पेढे वाटले. आणि पुढच्याच वर्षी ही बया घुंगरं माझ्या कपाटात ठेवून बंगळूरला गेली. परत आली ती जमिनीवर लोळायला शिकून. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नाचांत नाचली, मग स्वतःचा पहिला नाच बसवला. मी हौसेनं नवी साडी नेसून बघायला गेले. पाऊण तास पाच माणसं एका भिंतीला टेकून खाली घसरत होती. बाहेर आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढी फरशी पुसायची होती तर घरी काय कमी आहे?” पोरगी आठ दिवस बोलली नाही. त्या नाचाला दुसरा प्रयोग मिळाला नाही. त्यानंतरच्या नाचाला तर पहिल्याच प्रयोगाला माणसं मध्येच उठून गेली. बरोबरची मुलं एकेक करून पांगली. राहिला एकटा इम्तियाज. मिरजेचा, तिच्याबरोबर बंगळूरपासूनचा, चाळिशीला आलेला, स्वभावानं अगदी देव.

पौषात लग्नं नसतात. त्यामुळे एका मंगल कार्यालयाचे मालक ओळखीनं त्यांना हॉल वापरू देत. मला घरी एकटं ठेवायला नको म्हणून केतकी बरोबर न्यायची. मी नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत बसून बघायचे. तालीम कसली, दोघं एकमेकांना आपापला हात द्यायचे, त्याचं सगळं वजन सोडून, बस.

“वजन दे,” केतकी ओरडायची. “इम्तियाज, तू मदत करतोयस. हात माझा झाला ना? मग तू कशाला उचलतोयस?”

“नाही उचलत गं.”

“उचलतोयस. मला कळतं. चाळीस टक्के तूच उचलतोयस.”

मग तिचं सुरू व्हायचं. ती म्हणायची, नाचणाऱ्याचं अंग लबाड असतं. ते पडतं तेव्हासुद्धा छान दिसेल असं पडतं. बघणाऱ्याला आपण काय देतो? छान दिसणं देतो. मला ते नकोय. खोटं बोलता येत नाही असं अंग मला हवंय. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अशानं हिचं कसं व्हायचं?

एके दिवशी चिडून ती तरातरा माझ्याकडे आली. माझा तो गेलेला हात तिनं वर उचलला आणि सोडून दिला. तो पडला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. इम्तियाज येऊन शेजारी उभा राहिला.

“बघ,” ती हळूच म्हणाली. “हा काहीच मदत करत नाही.”

खरं तर मला राग यायला हवा होता. पण चार महिने जो तो त्या हाताकडे बघून चुकचुकत होता. ‘अरेरे’ न म्हणता त्याच्याकडे बघणारी तीच पहिली. मला त्या दिवशी बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू?

असा ‘भार’ नावाचा नाच तयार झाला. शेवटच्या भागात मी खुर्चीत बसायचे. केतकी माझ्याभोवती नाचत यायची आणि तीनदा माझा हात उचलायची. तीनदा तो पडायचा. तिसऱ्यांदा पडला की ती माझ्या पायाशी बसायची आणि अंधार व्हायचा. एवढंच. पण मुंबईच्या दस्तूर बाईंनी त्याचं चित्रण पाहिलं आणि त्या वेड्या झाल्या. या बाई दरवर्षी चार-पाच नाच निवडून देशभर फिरवायच्या. त्यांनी हात ठेवला की त्या माणसाचं नाव झालंच म्हणून समजा. त्या आज स्वतः बघायला येणार होत्या आणि बघून ठरवणार होत्या.

त्यांनी नाही म्हटलं तर काय, हेही ठरलेलं होतं. एका बड्या शाळेत नाचाच्या बाईची जागा होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. म्हणजे मग जन्मभर स्नेहसंमेलनं, फुलपाखराचे पंख लावलेली पोरं आणि पालकांचे मोबाइल. केतकी वरवर म्हणायची, त्यात काय वाईट आहे? पण त्या शाळेचं नाव निघालं की ती उठून भांडी घासायला घ्यायची.

आणि नेमका शिमग्याच्या सुमारास माझा हात जागा झाला.

आम्हा टायपिंगवाल्यांना एक खोड असते. कानावर पडलेला शब्द बोटं मांडीवर वाजवून बघतात. जन्मभराची सवय, ती जाते कुठे! दुपारी मी रेडिओवर बातम्या ऐकत पडले होते. डावी बोटं आपली वाजत होती. आणि एकदम बघते तर काय, उजव्या हाताचं पहिलं बोट हलत होतं. मी घाबरून रेडिओ बंद केला. बोटाला म्हटलं, हल बघू. हललं! मी तिथल्या तिथे रडले. देवापुढे साखर ठेवायला उठलेसुद्धा, आणि अर्ध्या वाटेत थांबले.

केतकीला कळलं तर? मला माझी पोर ठाऊक होती. तिनं त्याच क्षणी प्रयोग रद्द केला असता. खोटा पडणारा हात ती रंगमंचावर नेणार नाही म्हणजे नाही. आणि दस्तूर बाईंना हवा होता तो हाच हात.

व्यायाम करून घ्यायला गुजर नावाचे गृहस्थ घरी यायचे. ते नेहमी म्हणायचे, “काकू, जे परत यायचं ते वर्ष-दीड वर्षात येतं. हात जरा जागा झाला की त्याच्या मागे हात धुऊन लागायचं. तेव्हा आळस केलात तर तो कायमचा झोपेल.” दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, मी साताऱ्याला चाललेय, आता येऊ नका. त्यांच्या वेळेला केतकी एकटीच पुढे तालमीला जायची आणि मग मला न्यायला यायची. तिला वाटायचं, गुजर येतात. मी दार लावून घ्यायचे आणि हात उशीखाली ठेवून बसून राहायचे. होऊ दे की कायमचा झोपला तर, मी म्हटलं. पासष्टाव्या वर्षी त्या हातानं मला कुठले गड जिंकायचे होते? आजही कोणी विचारलं तर मी हेच म्हणेन.

पण मेला झोपेचना! दुसरं बोट आलं, अंगठा आला. मूठ वळायला लागली. उघडता यायची नाही, पण वळायची. तालमीत केतकीनं हात उचलला की तो आपसूक जरासा तिच्याबरोबर वर जायचा. त्याला मेल्यासारखं सैल सोडायचं म्हणजे काय दिव्य असतं ते मला तेव्हा कळलं. मी दात दाबून धरायचे आणि हात सोडायचे.

तर, प्रयोगाच्या दिवसाची ती दुपार. तालीम संपत आली होती तेवढ्यात दस्तूर बाई आल्या. पांढरे कापलेले केस, पायांत बूट, बोलणं एकदम सडेतोड. खुर्च्यांच्या रांगांमधून सरळ वर आल्या आणि माझ्यापुढे वाकल्या.

“ह्याच त्या आई! नमस्कार. तुमचा हात मी स्वप्नात पाहिलाय.”

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“मला स्पष्ट बोलायची सवय आहे, रागावू नका. हा बरा तर होणार नाही ना? म्हणजे वर्षभर दौरा आहे. मध्येच काही फरक पडला तर पंचाईत.”

केतकीचा चेहरा आखडला. ती काहीतरी बोलणार तोच मी घाईनं म्हणाले, “छे! डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. आता यात काही राहिलं नाही.”

“ओह. सॉरी हं,” बाई म्हणाल्या, पण त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. मग त्या केतकीला दौऱ्याचं सांगू लागल्या. चेन्नईपासून सुरुवात, मग बंगळूर, कोची, शेवटी दिल्ली. माझ्या पोरीचे डोळे इतके चमकले की मला भरून आलं.

मी खुर्चीतच बसून होते. इम्तियाज माझ्यासाठी पाणी घेऊन आला आणि पेला तसाच धरून उभा राहिला. तो माझ्या मांडीकडे बघत होता. मी खाली पाहिलं. पलीकडे दस्तूर बाई बोलत होत्या आणि इकडे माझी उजवी बोटं हळूहळू चेन्नई वाजवत होती.

मी झटकन डावा हात त्यांच्यावर ठेवला.

“काकू!”

“हळू बोल.”

“काकू, हे कधी...”

“तुला तुझ्या आईची शपथ आहे. एक शब्द बोलशील तर याद राख.”

तो माझ्यापुढे उकिडवा बसला. “अहो, ही किती आनंदाची गोष्ट आहे! सांगा तिला.”

“सांगते. उद्या सांगते. आज त्या बाईंनी होकार दिला की मग सांगते.”

“मग वर्षभर काय करणार? खोटं पाडणार?”

मी डावा हात त्या बोटांवर आणखी घट्ट दाबला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. भला माणूस, पण खुळा नव्हता.

“तुम्ही व्यायाम थांबवलाय,” तो म्हणाला.

“इम्तियाज, तिच्याकडे बघ जरा. बघ कशी उभी आहे. अशी कधी पाहिली होतीस?”

त्यानं वळून पाहिलं. केतकी हसत होती, हातांनी हवेत काहीतरी दाखवत होती. मग पेला माझ्या डाव्या हातात देऊन निघून गेला.

मेकअपच्या खोलीत केतकीनं माझे केस विंचरले. आरशात ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिची नजर चुकवत होते.

“डॉक्टर असं कधी म्हणाले गं?”

“कसं?”

“आता यात काही राहिलं नाही असं. मला तर ते म्हणाले होते, वाट बघू.”

“मला म्हणाले. तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा.”

“गुजर काय म्हणतात?”

“ते काय म्हणणार? येतात, हलवतात, जातात.”

कंगवा थांबला. “काल आले होते?”

“आले होते की.”

“आई,” ती म्हणाली, “काल गुजर मला रस्त्यात भेटले. मी घाईत होते. लांबूनच ओरडून त्यांनी विचारलं, आई साताऱ्याहून आल्या का? मला वाटलं, माणूस गोंधळलाय.”

“गोंधळलेलाच आहे तो. दहा घरी जातो, कोण कुठलं त्याच्या लक्षात राहतंय होय! तू आता माझं डोकं खाऊ नकोस. प्रयोगाच्या आधी हे काय काढलंस?”

तिनं कंगवा खाली ठेवला. पिन तोंडात धरून माझा अंबाडा बांधत राहिली. बाहेर पहिली घंटा झाली.

पडदा वर गेला तेव्हा मी अंधारात खुर्चीत बसलेली होते. समोर माणसं होती, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. दस्तूर बाई मधल्या रांगेत असणार, मला दिसत नव्हत्या. केतकी आणि इम्तियाज नाचले. आता मला त्यातलं थोडं कळायला लागलं होतं. तो तिला वजन द्यायचा, ती त्याला. एकजण कोसळायचा, दुसरा त्याच्याखाली जमीन होऊन सरकायचा. लोक गप्प होते. उठून कोणी जात नव्हतं. मी मनात देवाचा धावा करत होते आणि हाताला बजावत होते, आज पड बाबा. आज मेल्यासारखा पड.

इम्तियाज मागे जाऊन आडवा झाला. केतकी माझ्याकडे आली.

तिनं मनगटाखाली बोटं घातली. हात वर गेला. मी दात दाबले. तिनं सोडला आणि तो पडला. धप्प. सभागृहात कोणीतरी श्वास आत ओढला. पहिली वेळ पार पडली.

ती माझ्याभोवती एक फेरी घालून आली. पुन्हा हात वर गेला. मी वाट बघत होते की ती सोडेल.

तिनं सोडला नाही.

हात दोन बोटांवर तसाच राहिला. मी समोर बघत होते, पण मला कळत होतं की ती माझ्या तोंडाकडे बघतेय. तिची बोटं जराशी खाली गेली. हात तिच्याबरोबर लगेच खाली जायला हवा होता. तो क्षणभर मागे राहिला. क्षणभरच, पण राहिला.

“आई,” ती ओठ न हलवता म्हणाली, “हात दे.”

मी समोरच्या अंधाराकडे बघत राहिले.

“आई, हात दे मला.”

“सोड,” मी दातांतल्या दातांत म्हणाले. “सोड आणि पुढचं कर.”

संगीत पुढे निघून गेलं होतं. तिसरी वेळ यायला हवी होती ती जागा गेली. लोकांना कळत होतं की काहीतरी अडलंय. मागे इम्तियाज आडवा पडल्या पडल्या मान उचलून बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या पोरीला झालंय तरी काय? अगं, ती बाई समोर बसलीय! तुझं चेन्नई, तुझी दिल्ली तिथे बसलीय!

केतकीनं माझा हात खाली सोडला नाही. तो पुढे ओढून सरळ केला, तळवा वर, आणि स्वतः माझ्यासमोर उभी राहिली. मग तिनं आपलं मनगट माझ्या तळव्यात ठेवलं. धरलं नाही, नुसतं ठेवलं. माझ्या डोळ्यांत बघितलं आणि टाचांवर मागे कलायला लागली.

मागे उघडी लाकडी जमीन होती. इम्तियाज लांब होता. तो उठून धावला असता तरी पोचला नसता. ती कलत गेली, गुडघे न वाकवता, दुसरा हात अंगाशी. पडताना स्वतःला सावरायचं नाही हे तिनंच तर सगळ्यांना शिकवलं होतं. मनगट माझ्या तळव्यावरून घसरायला लागलं. मी हाताला म्हणत होते, गप राहा. गप राहा मेल्या, हलू नकोस. ती सावरेल. तिला खेळ करायचाय, ती सावरेल.

तिनं सावरलं नाही. ती गेली.

आणि मी पकडलं.

मी ठरवून काही केलं नाही. मूठ वळली आणि तिचं मनगट आत सापडलं. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिच्या वजनानं खुर्ची करकरत पुढे घसरली, मी अर्धी खुर्चीबाहेर आले. ती झोकांडी खाऊन खाली बसली, डोकं जमिनीला लागता लागता राहिलं. पण माझी मूठ सुटली नाही. सगळ्या लोकांसमोर मी मोठ्यानं ओरडले, “मूर्ख! मूर्ख कार्टी!”

केतकी खाली बसून माझ्या मुठीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी हात सोडायला गेले तर सुटेना. वळायला शिकलेली मूठ उघडायला कुठे शिकली होती! मी ओढत होते, ती ओढत नव्हती. शेवटी इम्तियाज पुढे आला, आमच्यामध्ये बसला आणि माझी बोटं एकेक करून उघडू लागला. तोही रडत होता. दिवे सांभाळणाऱ्याला कळेना, अंधार कधी करायचा ते. बऱ्याच वेळानं त्यानं केला.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या, काही लोक उभेसुद्धा राहिले. पण मला टाळ्यांशी काय करायचं होतं? मी दस्तूर बाईंची वाट बघत होते.

त्या मेकअपच्या खोलीत आल्या, केतकीला त्यांनी मिठी मारली. म्हणाल्या, “फार सुंदर. मी रडले. पण मी हे न्यायला आले नव्हते.” मग विचारलं, “उद्या काय होईल? हात पडेल की धरेल?”

“माहीत नाही,” केतकी म्हणाली.

“तू आईंना हात परत तसाच पाडायला सांगू शकतेस. प्रेक्षकांना कळणार नाही.”

“मला कळेल.”

“मग मी गावोगाव काय दाखवायचं, केतकी?”

“माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही.”

त्यांनी तिच्या गालाला हात लावला, मला नमस्कार केला आणि गेल्या. दौरा गेला तो गेलाच. सोमवारी शाळेत हो म्हणून कळवावं लागलं. पुढे दोन-तीन वर्षं तिनं फुलपाखरं नाचवली, मग पुन्हा उभी राहिली आणि आज तिचं नाव बऱ्याच जणांना माहीत आहे. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी दार लागलं तेव्हा आमच्याकडे काहीसुद्धा उरलं नव्हतं.

“घालवलंस,” मी म्हणाले. “सगळं घालवलंस!”

ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली होती. काजळ गालावर उतरलं होतं. “कधीपासून?”

“शिमग्यापासून.”

“आणि गुजर?”

“मी बंद केले.”

“तू तुझा हात मारून टाकत होतीस? माझ्या नाचासाठी?”

“मग काय करणार होते? तुला विचारणार होते? तू हो म्हणाली असतीस?”

“नसते म्हणाले.”

“मग!” माझा आवाज चिरकला. “जन्मात एकदा तुझं काहीतरी मनासारखं होत होतं गं. एकदा. मला बघायचं होतं ते. आणि डोकं फुटलं असतं तर? मी पकडलं नसतं तर?”

“तर मला कळलं असतं की हात खरंच गेलाय,” ती अगदी शांतपणे म्हणाली. “मग मी बाईंना हो म्हणाले असते.”

“डोक्याला टाके घालून?”

“हो.”

मी तिच्या थोबाडीत मारली.

मारल्यावर मला कळलं की उजव्या हातानं मारलीय. हात खांद्यापासून उठला, वाटेत डगमगला आणि मिटल्या बोटांनी कसाबसा तिच्या गालाला जाऊन लागला. आवाजसुद्धा झाला नाही. दारात इम्तियाज चहाचे कप घेऊन उभा होता, तो तसाच थिजला. मी त्या हाताकडे बघितलं आणि मला हुंदका आवरेना.

केतकीनं डोळे पुसले नाहीत. स्टूल पुढे ओढलं, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि गाल पुढे केला.

“परत मार,” ती म्हणाली. “बोटं नीट उघडली नाहीत.”